जुन्या गाडीची चमक आणि पेंटरचा दम

"डॉक्टरसाहेब, दिवसा काही नसतं बघा. रात्रीचे दोन-अडीच वाजले की खोकला सुरू होतो. छाती आवळल्यासारखी होते. उठून बसावं लागतं. पहाटे जरा डोळा लागतो, तोवर कामाला जायची वेळ झालेली असते."

चाळिशीतील हे गृहस्थ गेल्या हिवाळ्यात सावेडीतील माझ्या दवाखान्यात तीन वेळा येऊन गेले. ताप नव्हता. वजन घटले नव्हते. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, थुंकीची तपासणीही निर्दोष आली. विडी-तंबाखूचे व्यसन नाही. नगरची कोरडी थंडी, रस्त्यावरची धूळ आणि या दिवसांत वाढणारे दम्याचे रुग्ण हे सारे डोळ्यांसमोर असल्याने मी 'थंडीची ॲलर्जी' असे निदान करून गोळ्या व खोकल्याचे औषध लिहून दिले. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "दिवाळीत चार दिवस गावी गेलो होतो, तेव्हा एकदम मोकळं वाटलं." मी म्हणालो, "हवापालट झाला ना!" आणि तेच औषध पुढे चालू ठेवले.

वाचकहो, त्या एका वाक्यात सगळे निदान होते. मला ते ऐकू आले नाही. त्यांच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'मजुरी' एवढेच लिहिले होते आणि मजुरी कसली, हे मी विचारले नव्हते. आजचा लेख त्या चुकीविषयी आहे. त्या गृहस्थांना विचारून, त्यांच्या संमतीने आणि त्यांचे नाव न देता तो लिहीत आहे.

मामांची डॉल्फिन

माझ्या थोरल्या मामांकडे 'डॉल्फिन' मोटार होती. आजच्या तरुणांना हे नाव ठाऊक नसेल. बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८२ साली ही छोटी दोन दारांची गाडी बाजारात आणली. इंग्लंडच्या रिलायंट कंपनीच्या 'किटन' या गाडीवरून ती घेतलेली होती. इंजिन ८४८ सीसीचे. तिचे वैशिष्ट्य असे, की खालची चौकट लोखंडी असली तरी वरची बॉडी पत्र्याची नव्हती, फायबरग्लासची होती. याच मंडळींनी त्याआधी १९७० च्या दशकात 'बादल' नावाची तीन चाकी, फायबरचीच गाडी काढली होती. अमेरिकेत शेवरोले कंपनीची 'कॉर्व्हेट' १९५३ सालीच फायबरच्या बॉडीने रस्त्यावर आली होती. त्या पहिल्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या निघाल्या आणि आज जुन्या गाड्यांचे शौकीन त्यांना जिवापाड जपतात.

लोक मामांच्या गाडीला 'प्लॅस्टिकची मोटार' म्हणून हसत. मामा बॉनेटवर बोटाने टकटक करून दाखवत आणि म्हणत, "हसा लेको! तुमच्या गाड्यांना गंज चढेल, हिला नाही." ते खरेही होते. मामा गेले, पण गाडी वाड्यातल्या गोठ्याशेजारी उभी राहिली. खालच्या चौकटीला गंज चढला, टायर बसले, बॉडी मात्र जशीच्या तशी. केवळ रंग उडालेला, ठिकठिकाणी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा आणि मागच्या दाराशी एक मोठे भोक. ही गाडी नव्यासारखी करावी असे माझ्या मनात आले. वाहनांचे वेड नगरला नवे नाही. लुना याच गावात १९७२ पासून तयार होऊ लागली आणि जुन्या रणगाड्यांचे संग्रहालय १९९४ पासून याच गावात आहे. मग डॉक्टरने मामाची मोटार का जपू नये?

मी गाडी एका गॅरेजवाल्यांच्या स्वाधीन केली. रंग कोणता, सीटचे कापड कोणते, जुना बिल्ला कुठे मिळेल, याची चौकशी मी आठवड्यातून दोनदा करीत असे. काम कोण करतो, याची चौकशी एकदाही केली नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी मी न कळवता तेथे गेलो. शटर जवळजवळ जमिनीपर्यंत ओढलेले होते. रंगावर धूळ बसू नये, माशी चिकटू नये म्हणून खालच्या फटीलाही ओले पोते लावले होते. शटर वर केले तेव्हा आत रंगाचे दाट धुके होते आणि त्या धुक्यात नाकाला रुमाल बांधून, हातात स्प्रे गन घेऊन माझ्या मामांच्या गाडीसमोर उभे होते ते माझेच रुग्ण!

फायबरचे काम म्हणजे काय?

डॉल्फिन फार थोड्यांकडे असेल. पण फायबरचे काम आज गावोगावी चालते. बसचे दर्शनी भाग, जीपचे टप, पाण्याच्या टाक्या, पत्र्याऐवजी बसवायच्या पन्हाळी, मंडळांच्या देखाव्यातल्या मूर्ती हे सारे याच पद्धतीने होते. म्हणून हे काम आणि त्यातले धोके सर्वांनी समजून घ्यावेत.

फायबरग्लास म्हणजे काचेचे बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन. सिमेंटमध्ये सळई असते, तसे रेझिनमध्ये हे तंतू असतात. सगळ्यात वर जेलकोटचा गुळगुळीत थर असतो. वर्षे गेली, ऊन-पाऊस लागला, की जेलकोटला भेगा पडतात, पाणी आत शिरते आणि फोड येतात. त्यावर नुसता रंग मारला तर काही दिवसांत तीच भेग पुन्हा वर येते. म्हणून भेग मुळापर्यंत घासून काढावी लागते, कडा उतरत्या कराव्या लागतात, आतल्या बाजूने काचेच्या मॅटचे थर रेझिनने बसवावे लागतात. मग लांबी, मग घासकाम, मग प्रायमर आणि शेवटी रंग. हे कौशल्याचे काम आहे. घाईने होत नाही. ओलसर हवेत रेझिन नीट आवळत नाही, म्हणून जाणते कारागीर भर पावसाळ्यात ते टाळतात.

आता प्रत्येक टप्प्यावर शरीराला काय होते ते पाहू.

पहिला टप्पा घासण्याचा. ग्राइंडर फिरला, की काचेच्या कणांची व वाळलेल्या रेझिनची धूळ उडते. हे कण मान, कोपर, मनगट, कंबर येथे रुतून भयंकर खाज सुटते. पुष्कळ जण विचारतात, ही काच फुप्फुसात जाऊन ॲस्बेस्टॉससारखा रोग होतो का? तसे म्हणता येत नाही. या कामातले तंतू जाड असतात आणि बहुतेक नाका-घशातच अडतात. परंतु सोबतची बारीक धूळ खोल जाते आणि ज्याची छाती आधीच नाजूक आहे त्याला ती पुरेसा त्रास देते. कामाचे कपडे घरी नेऊन सर्वांच्या कपड्यांत भिजवले, तर खाज बायको-मुलांनाही सुटते. अशा मुलांना खरूज समजून औषधे लावली जातात!

दुसरा टप्पा रेझिनचा. त्याला जो उग्र, गोडसर वास येतो तो स्टायरीन नावाच्या द्रवाचा. त्याने डोळे चुरचुरतात, डोके जड होते, गरगरते, दारू न पिता झिंग येते. वर्षानुवर्षे हा वास घेतला तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो आणि रंग ओळखण्याची शक्तीही मंदावू शकते. रंगाच्या कारागिराला याहून मोठे नुकसान कोणते? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनची गणना माणसात कर्करोग घडवण्याचा दाट संभव असलेल्या पदार्थांत केली. या वाफा हवेपेक्षा जड असतात, त्या खाली साचतात. म्हणून खड्ड्यात उतरून किंवा गाडीच्या आत वाकून रेझिन लावणाऱ्याला त्रास सर्वांत जास्त होतो.

तिसरा टप्पा रेझिन आवळण्याचा. त्यासाठी जो पाण्यासारखा द्रव थेंब थेंब घालतात, त्याला आपले कारागीर हार्डनर किंवा कॅटलिस्ट म्हणतात. तो डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. हा द्रव आणि कोबाल्टचा जांभळा द्रव परस्परांत थेट मिसळले तर भडका उडतो. शेजारी विडी ओढणे म्हणजे तर मरणाला आमंत्रण.

चौथा टप्पा रंगाचा. सर्वांत मोठा धोका येथेच आहे. आजकाल मोटारीला जो आरशासारखा चकचकीत रंग देतात, तो दोन डब्यांचा असतो, एकात रंग व दुसऱ्यात हार्डनर. या दुसऱ्या डब्यात आयसोसायनेट वर्गाची द्रव्ये असतात. भोपाळमध्ये १९८४ साली जो वायू सुटला तो याच कुळातला होता. तो वायू आणि हे द्रव्य एक नव्हे, हे स्पष्ट सांगतो, घबराट नको. पण फुप्फुसाशी या कुळाचे वैर आहे, एवढे लक्षात ठेवावे.

हे वैर विचित्र असते. काही महिने, काही वर्षे काहीच होत नाही. कारागीर म्हणतो, "मला सवय आहे." मग एके दिवशी शरीर त्या द्रव्याला शत्रू म्हणून ओळखू लागते. त्यानंतर अगदी थोडा फवारा पुरतो आणि दम्याचा झटका येतो. पुष्कळदा झटका कामावर येतच नाही, काही तासांनी, रात्री येतो. म्हणून कारागीर त्याचा संबंध थंडीशी लावतो, दह्याशी लावतो, केळ्याशी लावतो, कामाशी लावत नाही. आणि त्याचा डॉक्टरही लावत नाही.

रंग एकदा पुरता आवळला, की त्या गाडीत बसणाऱ्याला भय उरत नाही. चमक मालकाच्या वाट्याला येते, धुके कारागिराच्या वाट्याला जाते.

विचारायचा राहून गेलेला प्रश्न

इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होऊन गेले. कारागिरांच्या रोगांवर त्यांनी १७०० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत 'तू काम काय करतोस?' हाही प्रश्न असावा, असा त्यांचा आग्रह होता. तीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. मी एमबीबीएस झालो, पंचवीस वर्षांहून अधिक काळ दवाखाना चालवला, आणि तो प्रश्न विचारायचा राहिला.

त्या रविवारी मी त्यांना गॅरेजबाहेर आणून बसवले. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? "हो." कामाच्या दिवसांच्या रात्री जास्त त्रास? "हो." किती दिवसांपासून? "वर्ष झालं असेल." छाती तपासली तेव्हा तेथेच सूं-सूं ऐकू येत होती. पुढे छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवले. पीक फ्लो मीटर नावाच्या साध्या नळीत दिवसातून चार वेळा फुंकून आकडे लिहून ठेवायला सांगितले. कामाच्या दिवसांत आकडे घसरत, सुट्टीत वर येत. व्यवसायजन्य दमा निश्चित झाला.

या दम्याला इन्हेलरने आराम पडतो, पण खरा उपाय एकच, त्या फवाऱ्यापासून दूर होणे. जितक्या लवकर दूर व्हाल तितकी छाती सुधारण्याची आशा अधिक. उशीर केला तर काम सोडूनही दमा राहतो. मी त्यांचे तीन महिने फुकट घालवले आहेत, हे मला विसरता येत नाही.

"काम सोडा" असे सांगणे डॉक्टरला सोपे असते. वीस वर्षे हातात बसलेली कला सोडून माणसाने काय करावे? त्यांनी मला हेच विचारले. आज ते दुसऱ्या ठिकाणी गाड्यांच्या सीटचे काम शिकत आहेत. रोज कमी पडतो. रात्री झोप मात्र लागते.

काय करावे?

हे काम करणाऱ्यांसाठी काही सूचना देतो. लेख कापून गॅरेजात लावला तरी चालेल.

रुमाल किंवा उपरणे म्हणजे मास्क नव्हे. घासकामाला चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा. तो धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. रेझिन लावताना कोळशाच्या डब्यांचा मास्क हवा आणि ते डबे वेळेवर बदलावेत. दाढी वाढलेली असेल तर कोणताही मास्क फटीतून गळतो. दोन डब्यांचा रंग फवारताना बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे शिरस्त्राण हाच खात्रीचा मार्ग आहे, कारण या द्रव्याचा धोक्याच्या पातळीलाही वास येत नाही आणि डबे निकामी झाल्याचे कळत नाही. ती हवा स्वच्छ ठिकाणची आणि गाळलेली असावी. साध्या कॉम्प्रेसरची तेलकट हवा थेट नाकाला लावू नये.

शक्य तेथे वॉटर पेपरने ओले घासावे, धूळ कमी उडते. मात्र विजेच्या ग्राइंडरजवळ पाणी नको आणि उघडे फायबर पुरते वाळल्याशिवाय रंग नको, नाहीतर पुन्हा फोड येतील. जुना रंग काढण्यासाठी पत्र्यावर वापरतात तो पेंट रिमूव्हर फायबरला लावू नये, तो जेलकोटही खातो. शिवाय काही रिमूव्हरच्या वाफा शरीरात गेल्यावर त्यांचा कार्बन मोनॉक्साइड होतो. हृदयविकार असणाऱ्याला ते घातक आहे.

फवारा चालू असताना शेडमध्ये दुसरे कोणी थांबू नये. हाताखालचा पोरगा तर नकोच. हवा बाहेर फेकणारा पंखा असावा, पण तो शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून नसावा.

अंगाला खाज सुटली तर खाजवू नये, गरम पाणी घेऊ नये. आधी गार पाण्याची धार सोडावी, टोचलेले तंतू चिकटपट्टीने उचलावेत, मग साबण लावावा. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. हात थिनरने धुऊ नयेत, त्वचेचे तेल निघून भेगा पडतात आणि इसब होतो.

डोळ्यात हार्डनर उडाला तर पापण्या उघड्या धरून नळाच्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा ते वीस मिनिटे डोळा धुवावा आणि तडक नेत्रतज्ज्ञांकडे जावे. गुलाबपाणी, मध, तूप, अंगावरचे दूध यांतले काहीही घालू नये. दवाखाना जवळ असला तरी धुणे आधी, दवाखाना नंतर.

आणि रात्रीचा खोकला, छाती आवळणे, सुट्टीत बरे वाटणे ही तीन लक्षणे एकत्र असतील तर डॉक्टरांना आपले काम नेमके सांगावे. वापरत असलेल्या डब्याचा कागद सोबत न्यावा.

खर्च कोणाचा?

काही गॅरेजवाले म्हणतील, "डॉक्टर, हे सगळे पुस्तकात ठीक आहे. आम्हाला परवडते का? गिऱ्हाईक घासाघीस करते." त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. हवा पुरवणारे शिरस्त्राण स्वस्त नाही. तीन-चार माणसांच्या शेडमध्ये कामगारांच्या सुरक्षिततेची तपासणी करायला सहसा कोणी येत नाही, आणि व्यवसायजन्य दमा हा कामगार-भरपाईच्या कायद्याने मानलेला रोग असला, तरी रोजंदारीच्या पेंटरला तो सिद्ध करून भरपाई मिळवणे किती अवघड, हे सर्वजण जाणतात.

म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे, की हा खर्च गाडीच्या मालकाने उचलला पाहिजे. जुनी गाडी नवी करणे ही गरज नाही, हौस आहे. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो, मग ते मोल दुसऱ्याच्या छातीतून का काढायचे? माझ्या गाडीच्या बिलात रेझिन होते, मॅट होते, लांबी, प्रायमर, रंग, पॉलिश, सारे काही होते. मास्कचे एक कलम नव्हते. मीही बिल वाचताना ते शोधले नाही, रंगाचे दोन लिटर जास्त कसे लागले यावर मात्र हुज्जत घातली!

अनेक मालकांनी थोडे थोडे दिले तर एका गॅरेजात एक शिरस्त्राण येणे अशक्य नाही. एकाच रस्त्यावरच्या चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक बंदिस्त, पंख्याची सोय असलेली रंगाची खोली उभारली तर सर्वांचेच भागेल. गणपतीची वर्गणी आपण गोळा करतोच ना?

माझ्या डॉक्टर बंधूंना हात जोडून सांगणे आहे, की केसपेपरवर 'मजुरी' हा शब्द लिहून थांबू नका. आणखी एक प्रश्न विचारा, "मजुरी कसली?" त्याला अर्धा मिनिट लागतो. मला तीन महिने लागले.

मामांच्या गाडीचे काम अजून पुरे झालेले नाही. डाव्या बाजूला नुसता राखाडी प्रायमर आहे. गॅरेजवाल्यांशी माझे बोलणे झाले आहे. हवेचे शिरस्त्राण आल्यावर आणि शेडला बाहेर फेकणारा पंखा बसल्यावरच पुढचा हात मारायचा, खर्चाचा अर्धा वाटा माझा. गाडी चाळीस वर्षे थांबली आहे, आणखी चार महिने थांबेल. फायबरला गंज चढत नाही. फुप्फुसाचे तसे नाही.